दातांचं लेझर खरंच कामाचं आहे का? आईच्या हिरड्यांसाठी विचारतेय

मनीषा_सातारा, ९ जून, रात्री १०:१०
नमस्कार मंडळी. आई ६७ वर्षांची आहे, साताऱ्याला माझ्याजवळच असते. गेल्या सात-आठ महिन्यांत तिच्या वरच्या पुढच्या दातांमधली हिरडी हळूहळू वाढत गेलीय, आता तर डाळिंबाच्या दाण्यासारखी फुगून दातांच्या मधे खाली आलीय. ब्रश केला की रक्त, भाकरीचा कडक पापुद्रा लागला तरी रक्त. हसताना तोंडावर पदर धरते, ते बघवत नाही मला. इथल्या डेंटिस्टनी सांगितलं की वाढलेली हिरडी कापावी लागेल, ब्लेडने सात हजार, लेझरने अठरा हजार, लेझरने रक्त येत नाही आणि दुखतही नाही. आईला शुगर आहे, बीपी आहे, चार वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय म्हणून एकोस्प्रिन चालू आहे. पैशांचं जमवू, पण लेझर म्हणजे नक्की करतात काय? जाळतात का? रक्त पातळ करायची गोळी चालू असताना खरंच फायदा होतो का? कोणी करून घेतलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

अण्णा_कोल्हापूर, ९ जून, रात्री १०:३२
ताई, काळजी करू नका, होतंय सगळं व्यवस्थित. माझं अक्कलदाढेवरचं कातडं लेझरनं काढलंय. दाढ अर्धवट बाहेर आलेली आणि तिच्यावर हिरडीची टोपी बसलेली, त्यात जेवण अडकून दर दोन महिन्यांनी गाल सुजायचा. दहा मिनिटांत काम झालं, टाका नाही काय नाही, संध्याकाळी ताक-भात खाल्ला. फक्त वास लई येतो, केस जळल्यासारखा. त्याची मनाची तयारी ठेवायला सांगा आईस्नी.

केतकी_दादर, ९ जून, रात्री १०:५०
वाचतेय. मलाही दाताच्या लेझरबद्दल विचारायचंच होतं.

संत्रानगरी, ९ जून, रात्री ११:१५
आमच्या आजोबांनी दाताला दोरा बांधून दोऱ्याचं दुसरं टोक गोठ्याच्या दाराला बांधलं होतं अन् काकाला म्हणाले ढकल दार. लेझरपेक्षा फास्ट झालं ते काम :-) गंमत राहू द्या, मनीषाताई, अठरा हजार म्हणजे बरेच झाले. नागपूरला शासकीय डेंटल कॉलेज आहे तिथं खूप कमी पैशात होतं, मुंबईलाही आहे. रांगेत वेळ जातो पण बघणारे मास्तर लोक अनुभवी असतात.

चिंटूचीआई, १० जून, सकाळी ७:४५
आमचा अनुभव हिरडीचा नाही, किडीचा आहे, पण लिहिते कारण लेझर म्हटलं की मला तोच दिवस आठवतो. मुलगा सात वर्षांचा, दोन दाढा किडलेल्या, आणि ड्रिलच्या आवाजाची इतकी भीती की शेजारच्या घरी भिंतीत भोक पाडत होते तरी हा कानावर हात ठेवून पलंगाखाली. दोन क्लिनिकमधून रडून परत आलो. मग पुण्यात लहान मुलांच्या डेंटिस्टकडे पाण्याच्या फवाऱ्याचं लेझर आहे असं कळलं. तिथे त्याला आधी हिरवा चष्मा दिला आणि सांगितलं की तू अंतराळवीर, मग खुर्चीत बसवलं. मी पाय धरून बसले होते. आवाज कसा, तर टकटकटक, मक्याच्या लाह्या फुटतात ना झाकणाखाली तसा. इंजेक्शन दिलंच नाही. तो मधेच म्हणाला गार लागतंय, बास एवढंच. सिमेंट भरून बाहेर आलो तर माझेच डोळे भरले होते. वेळ मात्र नेहमीपेक्षा जास्त लागला, आणि दुसऱ्या दाढेची कीड खोल होती तिथे शेवटी थोडी भूल द्यावीच लागली, हेही खरं. तरी तेव्हापासून तो दातांच्या डॉक्टरांकडे स्वतःच्या पायाने जातो, आणि माझ्यासाठी त्याची किंमत पैशात होत नाही.

मनीषा_सातारा, १० जून, सकाळी ९:०५
चिंटूचीआई, वाचून खूप बरं वाटलं. पण आमच्या डॉक्टरांकडचं मशीन छोटं आहे, पेनासारखं टोक असलेलं, पाण्याचा फवारा दिसला नाही मला. हे तेच का?

प्रकाशकण, १० जून, दुपारी १:२०
मनीषाताई, ते नाही. माझं काम लेझरवरच आहे, दातांच्या नाही, कारखान्यातल्या धातू कापायच्या, पण मूळ विज्ञान एकच म्हणून लिहितो, जरा लांबेल.

लेझर म्हणजे एक वस्तू नव्हे. चाकू म्हटलं की विळी आणि ब्लेड दोन्ही आले तसं आहे ते. लेझर म्हणजे एकाच रंगाचा, एका दिशेने जाणारा दाट प्रकाश. कोणता रंग, म्हणजे किती तरंगलांबी, यावर सगळं अवलंबून. उन्हात काळी छत्री तापते आणि पांढरं धोतर तेवढं तापत नाही, कारण काळा रंग प्रकाश शोषतो. तोंडातही तसंच. जो पदार्थ तो प्रकाश शोषेल तोच तापेल.

तुमच्या डॉक्टरांकडे बहुतेक डायोड लेझर आहे. त्याची तरंगलांबी साधारण ८१० ते ९८० नॅनोमीटर, डोळ्यांना दिसत नाही, जो लाल ठिपका दिसतो तो फक्त नेम धरायला. हा प्रकाश हिरडीतलं रंगद्रव्य आणि रक्तातलं हिमोग्लोबिन शोषतं, म्हणून हिरडीवर चालतो. पांढऱ्या कडक दातात तो फारसा शोषलाच जात नाही, त्यामुळे डायोडने कीड कोरता येत नाही. चिंटूला जे वापरलं ते एर्बियम लेझर, २७८० किंवा २९४० नॅनोमीटर. त्याचा प्रकाश पाण्यात शोषला जातो, आणि प्रचंड शोषला जातो. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब कसा चर्रकन उडतो, तसं दाताच्या आतलं इवलंसं पाणी एका झटक्यात वाफ होतं आणि त्या दाबाने दाताचा कण उडून जातो. लाह्यांचा आवाज तोच. किडलेल्या भागात चांगल्या दातापेक्षा पाणी जास्त असतं म्हणून कीड आधी उडते, ही त्यातली सुंदर गोष्ट आहे. वरून फवारा सतत चालू ठेवतात, नाहीतर दात तापेल.

दात तापण्याची ही भीती जुनी आहे. पहिला लेझर १९६० साली थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून काढला आणि त्याच दशकात लोकांनी तो दातावर मारूनही बघितला, पण दात इतका तापायचा की आतली नस मरायची शक्यता. नसेचं तापमान साडेपाच अंश वाढलं तरी धोका, असा आकडा तेव्हाच्या माकडांवरच्या प्रयोगांतून पुढे आला आणि आजही तोच धरतात. म्हणून दात कोरायच्या एर्बियम लेझरला अमेरिकेत परवानगी मिळायला १९९७ उजाडलं. मधली बरीच वर्षं योग्य तरंगलांबी शोधण्यात गेली.

केतकी_दादर, १० जून, दुपारी १:४१
प्रकाशकण, दंडवत. आमच्या शाळेत असं कोणी शिकवलं असतं तर मी कॉमर्सला गेले नसते.

शांतनिवांत, १० जून, दुपारी ३:००
माझा अनुभव वाईट आहे आणि तो लिहायलाच हवा. एका मोठ्या शहरातल्या चकाचक क्लिनिकमध्ये 'लेझर रूट कॅनॉल' म्हणून माझ्याकडून नेहमीपेक्षा दुप्पट पैसे घेतले. वरची पहिली दाढ. वर्षभरात पुन्हा ठणका, रात्रभर लवंग दाढेखाली धरून बसायचो. दुसऱ्या डॉक्टरांनी दुर्बिणीखाली बघितलं तर दाढेला चार नळ्या होत्या आणि पहिल्यांनी तीनच भरलेल्या. चौथी तशीच सडत होती. मग लेझरने नक्की काय केलं? न सापडलेल्या नळीत प्रकाश जाणार कसा? पुन्हा सगळं उघडून करावं लागलं, कॅप वाया गेली. तेव्हापासून पाटीवर लेझर हा शब्द दिसला की मी दोन पावलं मागे सरकतो.

दंतमंजन, १० जून, रात्री ९:५५
मी नाशिकला डेंटिस्ट आहे, एकोणीस वर्षं झाली. डायोड लेझर माझ्याकडे आहे, एर्बियम नाही. डायोड काही लाखांत येतो, एर्बियम त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे पाटीवर लेझर लिहिलेल्या बहुतेक ठिकाणी डायोडच असणार, यात गैर काही नाही, पण पेशंटला ते माहीत असावं.

शांतनिवांत, तुमचा राग योग्य आहे. वरच्या पहिल्या दाढेत ती चौथी नळी पुष्कळदा असते आणि ती शोधणं हेच रूट कॅनॉलमधलं खरं काम. नळ्या निर्जंतुक करायला मुख्य औषध आजही सोडियम हायपोक्लोराइटच आहे. लेझर त्याच्या जोडीला वापरता येतं, त्याच्या ऐवजी नाही.

प्रकाशकण यांनी छान लिहिलंय, फक्त एक दुरुस्ती. हिरडी कापताना आम्ही डायोडचं टोक आधी कॉर्कवर किंवा चावा तपासायच्या निळ्या-काळ्या कागदावर टेकवून काळं करून घेतो. मग प्रकाश त्या काळ्या टोकातच अडकतो, टोक तापतं आणि ते तापलेलं टोक हिरडी कापतं. म्हणजे प्रकाशाने कापतो म्हणण्यापेक्षा उष्णतेने कापतो हे जास्त खरं. म्हणूनच अण्णांना तो वास आला. आणि म्हणूनच हात सतत हलता लागतो, एका जागी टोक थांबलं की खालचं हाड तापू शकतं. मशीन भोळं असतं, हात शिकलेला लागतो.

आता फायदे. बारीक रक्तवाहिन्या कापतानाच बंद होतात, म्हणून रक्त कमी आणि समोर स्वच्छ दिसतं. बहुतेक वेळा टाके लागत नाहीत. नंतरची सूज आणि दुखणं बऱ्याच पेशंटना कमी जाणवतं. पण 'अजिबात दुखत नाही' हे मी कोणाला सांगत नाही. हिरडी कापायची तर थोडी भूल मी देतोच. आणि जखम लवकर भरते म्हणून जी जाहिरात करतात ती डायोडच्या बाबतीत नेहमी खरी नसते, कधी ब्लेडची स्वच्छ जखम तितक्याच दिवसांत, कधी त्याआधीही भरते.

मनीषाताई, एकोस्प्रिन स्वतःहून बंद करू नका. स्टेंट असताना ती गोळी थांबवणं हे हिरडीच्या रक्तापेक्षा फार मोठं संकट ओढवू शकतं. एवढ्या कामासाठी सहसा थांबवावी लागतही नाही, तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारून घ्या. शुगरचा तीन महिन्यांचा रिपोर्ट ताजा काढा. आणि मला एक सांगा, आईंची बीपीची गोळी कोणती आहे? नाव बघून लिहा.

मीनल_एडिसन, ११ जून, पहाटे ५:३०
इथे न्यूजर्सीत माझ्या बाळाची जिभेखालची शीर आखूड होती, टंग टाय. दूध नीट ओढता येत नव्हतं, मी रोज रडायचे. तिसऱ्या आठवड्यात लेझरने मोकळी केली, दोन दिवसांत फरक पडला. मी तर लेझरला आशीर्वादच देते.

रानफूल, ११ जून, सकाळी ८:१०
मीनल, तुझं बाळ नीट पितंय हे वाचून छान वाटलं, पण बाकीच्या आयांसाठी लिहिते. मी बालरोग विभागात नर्स आहे. ही शीर खरंच आखूड असेल तर कात्रीने मोकळी करायला काही सेकंद पुरतात आणि तेही उत्तम होतं. आणि दूध ओढता न येण्याची कारणं पुष्कळ असतात, बाळ छातीशी धरायची पद्धत बदलली तरी निम्मी अडचण सुटलेली मी कितीदा बघितलीय. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही सांगितलंय की हे निदान आणि ही शस्त्रक्रिया गरजेपेक्षा जास्त होतायत. आधी स्तनपानाची माहिती असलेल्या बाईंना दाखवा, मग शिरेचं बघा.

मीनल_एडिसन, ११ जून, सकाळी ८:२६
पटलं. आम्ही आधी दोन वेळा लॅक्टेशनवालीकडे गेलो होतो, ते लिहायचं राहिलं.

केतकी_दादर, ११ जून, सकाळी ११:००
माझा प्रश्न आता विचारते. डिसेंबरात लग्न आहे. माझ्या हिरड्या काळपट आहेत, अगदी आजीसारख्या. फोटोत दिसतात म्हणून मावशीने लेझरने गुलाबी करून घे असं सुचवलं. कोणी केलंय का?

संत्रानगरी, ११ जून, सकाळी ११:२०
लग्नाच्या फोटोत हिरड्या कोण बघते ताई? जेवणाच्या पंगतीचे फोटो बघतात सगळे.

दंतमंजन, ११ जून, दुपारी २:१५
केतकी, काळपट हिरडी हा आजार नाही. त्वचेत जे मेलॅनिन असतं तेच हिरडीत असतं, आपल्याकडे कितीतरी लोकांच्या निरोगी हिरड्या अशाच असतात. लेझरने वरचा थर काढता येतो, रंग जातोही, पण काही महिन्यांत किंवा वर्षांत थोडाफार परत येतो. तुला स्वतःला हवं असेल तर कर, मावशीला हवं म्हणून नको. माझ्याकडे आलेल्या चार मुलींपैकी तीन तरी मी समजावून परत पाठवतो. आणि हिरडी अचानक एकाच जागी काळी झाली असेल तर मात्र आधी दाखव.

केतकी_दादर, ११ जून, दुपारी २:४०
आजीच्याच हिरड्या आहेत, जन्मापासूनच्या. राहू देते. त्या पैशात आईला पैठणी येईल.

मनीषा_सातारा, ११ जून, रात्री ९:३०
दंतमंजन सर, आईच्या गोळ्यांचा डबा उघडून बघितला. ॲम्लोडिपिन ५ होती बरीच वर्षं, गेल्या दिवाळीच्या सुमारास बीपी वाढलं म्हणून १० केली. का विचारलंत?

दंतमंजन, ११ जून, रात्री १०:०५
म्हणूनच विचारलं. ॲम्लोडिपिन आणि तिच्या जातकुळीतल्या गोळ्यांनी काही लोकांच्या हिरड्या वाढतात. निफेडिपिनने जास्त, ॲम्लोडिपिनने कमी, पण वाढतात. फिट्सच्या फेनिटॉइनने आणि किडनी बदलल्यावर देतात त्या सायक्लोस्पोरिननेही असंच होतं. दातांच्या मधली हिरडी दाण्यासारखी फुगून येणं, तेही पुढच्या दातांत जास्त, हे वर्णन त्याच्याशी जुळतं. तोंड न बघता मी निदान करणार नाही, शुगरमुळे आणि नुसत्या कीटणामुळेही हिरड्या सुजतात. पण दिवाळीला डोस दुप्पट आणि त्यानंतर सात-आठ महिन्यांत ही वाढ, हे तुमच्या दोन्ही डॉक्टरांच्या कानावर गेलंच पाहिजे.

कारण असं की गोळी तीच राहिली आणि दातांवर कीटण तसंच राहिलं, तर लेझरने कापा नाहीतर ब्लेडने कापा, हिरडी परत वाढण्याचा संभव मोठा. अठरा हजार जातील आणि पुढच्या दिवाळीला तुम्ही पुन्हा हाच धागा वर काढाल. आधी फिजिशियनना विचारा की बीपीची दुसरी गोळी चालेल का. स्वतः बदलू नका, एक दिवसही बंद करू नका. त्याच वेळी हिरड्यांची नीट खोल सफाई करून घ्या. मग दोन-तीन महिने थांबा. पुष्कळदा फुगवटा बराच ओसरतो आणि उरलं तेवढंच कापावं लागतं.

मनीषा_सातारा, ११ जून, रात्री १०:२०
सर, मला आत्ता काय वाटतंय ते लिहिता येत नाहीये. तीन डॉक्टरांकडे गेलो, बीपीची गोळी कोणती ते कोणीच विचारलं नाही. आणि मीही सांगितलं नाही, मला वाटलं हिरडीचा आणि बीपीचा काय संबंध.

अण्णा_कोल्हापूर, ११ जून, रात्री १०:४५
हे वाचून अंगावर काटा आला. मनीषाताई, तुमची चूक नाही यात. आपण दातांच्या डॉक्टरांना दाताचंच सांगतो.

मांडवीकाठ, १२ जून, सकाळी ६:५०
अवांतर आहे पण लेझरचाच विषय म्हणून लिहितो. माझ्या थोरल्या भावाला घशाचा कॅन्सर झाला, आयुष्यभर तंबाखू. रेडिएशन सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून पूर्ण सोललं. पाणीसुद्धा गिळता येईना, पेज गार करून चमच्याने द्यायचो, ती पण अर्धी बाहेर. तिथल्या दंत विभागातल्या एका मुलीने त्याला रोज रेडिएशनच्या आधी तोंडात लाल प्रकाशाचं लेझर द्यायला सुरुवात केली. हे कापणारं नाही, जाळणारंही नाही, हात धरला तर गरमसुद्धा लागत नाही. ओठाच्या आत, गालाला, जिभेच्या कडेला, एकेका जागी थोडा वेळ टोक धरायची आणि पुढे सरकायची. दोघांच्या डोळ्यांवर चष्मे. व्रण गेले नाहीत पण ठणका कमी झाला, नळी घालायची वेळ आली नाही, आणि मुख्य म्हणजे रेडिएशन एकदाही थांबवावं लागलं नाही. पाचव्या आठवड्यात तो म्हणाला, सोलकढी दे. तिखट नको म्हणून नुसता नारळाचा रस दिला, वाटीभर प्यायला. ती वाटी मी अजून वेगळी ठेवलीय.

लेझरचे फायदे काय असं कोणी विचारलं की मला गुलाबी हिरड्या नाही, ती वाटी आठवते.

रानफूल, १२ जून, सकाळी ८:००
मांडवीकाठ, भाऊ कसे आहेत आता?

मांडवीकाठ, १२ जून, सकाळी ८:१५
चार वर्षं झाली. तोंड पूर्ण उघडत नाही, लाळ कमी आहे, पण आहे. काल भांडला माझ्याशी मासळीवरून.

दंतमंजन, १२ जून, दुपारी १:३०
मांडवीकाठ, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं. डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रेडिएशनमध्ये तोंड येऊ नये म्हणून हा मंद प्रकाशाचा उपचार २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सुचवलेला आहे. दातांच्या क्षेत्रातल्या लेझरच्या वापरांत जिथे पुरावा खरोखर भक्कम आहे त्यातला हा एक. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे इतके पेशंट असताना ही सोय हव्या तितक्या ठिकाणी पोचलेली नाही, याची मला खंत आहे. घरात कोणाचं रेडिएशन सुरू होणार असेल तर पहिल्याच दिवशी विचारा, तोंड सोलल्यावर नाही.

याउलट कीड कोरण्याच्या लेझरवर कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा २०१६ चा आढावा आहे, त्यात ९ चाचण्या तपासल्या. मुलांना दुखणं आणि भूल कमी लागते याकडे कल दिसला, पण ड्रिलपेक्षा लेझर सरस असं म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. म्हणजे घाबरणाऱ्या मुलासाठी वरदान, बाकीच्यांसाठी साधं ड्रिल उत्तम. जुनी चांदीची भरलेली दाढ असेल तर ते चांदीचं काढायला लेझर वापरतही नाहीत, त्यातला पारा तापवायचा नसतो.

शांतनिवांत, १२ जून, दुपारी २:१०
आता जरा माझं मत मवाळ झालं. पाटीला नाही, कामाला विचारायचं. जाता जाता विचारतो, चष्मा पेशंटलाही लागतो का? मला दिला नव्हता, डॉक्टरांनीच घातला होता.

प्रकाशकण, १२ जून, दुपारी २:३५
लागतोच! यात तडजोड नाही. खोलीत असलेल्या प्रत्येकाला, हात धरून बसलेल्या नातेवाइकालाही. आणि कोणताही रंगीत चष्मा नव्हे, त्याच तरंगलांबीचा, आकडा काचेवर किंवा काडीवर छापलेला असतो. डायोडचा प्रकाश दिसत नाही म्हणून डोळा मिटतही नाही, आणि तो थेट पडद्यापर्यंत पोचतो. तोंडात धातूची कॅप किंवा आरसा असेल तर तिथून उसळू शकतो. चष्मा दिला नाही तर खुर्चीतून उठून मागा.

दंतमंजन, १२ जून, दुपारी २:५०
अनुमोदन. आणि धूर ओढून घ्यायला सक्शन अगदी जवळ धरलेलं हवं. तो धूर कोणाच्याच फुप्फुसाला चांगला नाही.

मनीषा_सातारा, १९ सप्टेंबर, रात्री ८:४०
धागा वर काढतेय. तीन महिने झाले, पुढे काय झालं ते सांगते.

फिजिशियननी सगळं ऐकून घेतलं, आईचं तोंड टॉर्चने बघितलं आणि ॲम्लोडिपिन बंद करून दुसऱ्या प्रकारची गोळी दिली. पहिले पंधरा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहिलं. तीन महिन्यांची शुगर ८.१ होती, ती ७.३ वर आली. डेंटिस्ट तेच ठेवले, त्यांना गोळीचं सांगितलं तर एक क्षण गप्प झाले आणि म्हणाले हे मी विचारायला हवं होतं. मला त्यांचं ते वागणं फार आवडलं. दोन बैठकांत खोल सफाई केली, दातांच्या मधे घालायचा बारीक ब्रश आईला शिकवला. पहिल्या महिन्यात काहीच फरक नाही, मी घाबरले. मग हळूहळू दाणे लहान व्हायला लागले. ऑगस्टच्या शेवटी बाकीचे जवळपास गेले, वरच्या दोन दातांमधला एक घट्ट गोळा तेवढा राहिला.

तो परवा लेझरने काढला. मी आत होते, चष्मा मागून घेतला. एकोस्प्रिन चालूच ठेवली, हृदयाच्या डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. भुलीची सुई दिली, मग डॉक्टरांनी ते पेन कॉर्कवर टेकवलं, जरासा धूर, टोक काळं. मशीनचं बीप बीप, आणि रंगकामाच्या नाजूक ब्रशने फटकारे मारावेत तसा हात. अण्णा म्हणाले तो वास आला, मी आईचा हात घट्ट धरला तर तीच माझा हात थोपटत होती. कापसाच्या बोळ्यावर रक्ताचे दोन-तीन ठिपके, बास. चौदा मिनिटं लागली, मी घड्याळ बघत होते. रात्री भूल उतरल्यावर दुखलं, एक पॅरासिटामॉल घेतली. दुसऱ्या दिवशी तिथे पिवळट पांढरा पापुद्रा दिसला, मी पू समजून फोन केला, तर जखम भरतानाचा थर आहे, खरवडू नका म्हणाले. एकाच जागेचं काम म्हणून साडेतीन हजार घेतले.

आज आत्याचा व्हिडिओ कॉल आला होता. आई हसली. पदर खांद्यावरच होता.

चिंटूचीआई, १९ सप्टेंबर, रात्री ८:५२
मनीषा, शेवटची ओळ तीनदा वाचली.

दंतमंजन, १९ सप्टेंबर, रात्री ९:३०
फार आनंद झाला. तुमच्या डेंटिस्टना माझा नमस्कार सांगा, चूक मान्य करणारा डॉक्टर सोडू नका. तो बारीक ब्रश मात्र रोज चालू ठेवा आणि तीन महिन्यांनी सफाईला जा.

अण्णा_कोल्हापूर, १९ सप्टेंबर, रात्री ९:४१
जिंकलंसा ताई! आईस्नी आमचा नमस्कार.

केतकी_दादर, १९ सप्टेंबर, रात्री १०:१५
मी आत्ता उठून बाबांचं तोंड मोबाइलच्या उजेडात बघून आले. तेही ॲम्लोडिपिन घेतात, सहा वर्षं. खालच्या पुढच्या दातांमधे दोन ठिकाणी हिरडी फुगलेली आहे, त्यांना वाटत होतं वयामुळे. उद्या शनिवार, सकाळी घेऊन जाते.

दंतमंजन, १९ सप्टेंबर, रात्री १०:२०
जाताना गोळ्यांची पाकिटंच सोबत ने, नावं तोंडी सांगू नकोस.